चंद्राचं अंतर: चार ठिकाणी चार आकडे का, आणि घरच्या कॅमेऱ्याने ते कसं मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीच्या आठवीच्या प्रकल्पासाठी चंद्राचं अंतर लिहायचं आहे. पुस्तकात ३,८४,४०० किमी आहे, दुसरीकडे ३,८५,००० दिसलं. मोबाइलवरच्या ॲपने चंद्र उगवताना ३,७१,००० सांगितलं आणि मध्यरात्री तेच ॲप ३,६५,५०० वर आलं. यातलं खरं कोणतं? आणि घरी २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स आहे, तर स्वतः मोजता येईल का?

चारही आकडे बरोबर आहेत. पुणे ते मुंबई किती, असं विचारलं तर आधी विचारावं लागतं की स्वारगेट ते दादर की शिवाजीनगर ते बोरिवली. चंद्राच्या बाबतीत तेच होतं, शिवाय इथे दुसरं टोक सतत सरकत असतं. त्यामुळे कुठलाही आकडा लिहिताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून कुठपर्यंत, कधी, आणि सरासरी असेल तर कसली सरासरी.

पहिली गोष्ट कुठून कुठपर्यंत. पुस्तकातलं अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंतचं असतं. तुम्ही मात्र केंद्रात नाही, पृष्ठभागावर उभे आहात. चंद्र क्षितिजावर असतो तेव्हा तुमच्यापासूनचं अंतर आणि केंद्रापासूनचं अंतर जवळजवळ सारखंच असतं. तोच चंद्र डोक्यावर आला की तुमच्या आणि त्याच्या मधून पृथ्वीची अख्खी त्रिज्या, म्हणजे ६,३७१ किमी, वजा होते. ॲपने त्या रात्री साडेपाच हजार किलोमीटरचा फरक दाखवला त्याचं मुख्य कारण हे. बरीच ॲप्स तुमच्या गावाचं स्थान धरून अंतर देतात, काही केंद्रापासूनचं देतात. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये सेटिंग बदलून दोन्ही पाहता येतात. काही जण दोन्ही पृष्ठभागांमधलं अंतर सांगतात. त्यात पृथ्वीची आणि चंद्राची अशा दोन्ही त्रिज्या, मिळून सुमारे ८,१०० किमी, कमी झालेल्या असतात. ३,७६,३०० असा आकडा कुठे दिसला तर तो तिथून आलेला असतो.

दुसरी गोष्ट कधी. चंद्राची कक्षा गोल नाही, थोडी लांबट आहे, आणि सूर्याच्या ओढीमुळे तिचा लांबटपणाही कमीजास्त होतो. चंद्र सर्वात जवळ येतो त्या बिंदूला उपभू म्हणतात, सर्वात लांब जातो त्याला अपभू. उपभूपासून पुन्हा उपभूपर्यंत यायला सुमारे २७.५५ दिवस लागतात. प्रत्येक फेरीत उपभूचं अंतर मात्र वेगळं असतं, साधारण ३,५६,४०० ते ३,७०,४०० किमीच्या दरम्यान. अपभू ४,०४,००० ते ४,०६,७०० च्या दरम्यान राहतो. म्हणजे जवळच्या बाजूला चौदा हजारांची चढउतार, लांबच्या बाजूला जेमतेम पावणेतीन हजारांची. पौर्णिमा किंवा अमावास्या उपभूशी जुळली की सूर्याच्या ओढीने कक्षा जास्त ताणली जाते आणि चंद्र नेहमीपेक्षा जवळ येतो. १४ नोव्हेंबर २०१६ च्या पौर्णिमेला तो ३,५६,५०० किमीच्या आसपास होता, ज्याचा "सुपरमून" म्हणून बराच गाजावाजा झाला. वर्षातल्या सर्वात लांबच्या पौर्णिमेशी तुलना केली तर असा चंद्र १४ टक्के मोठा आणि सुमारे ३० टक्के तेजस्वी असतो. पण डोळ्यासमोर तुलनेला दुसरा चंद्र नसतो, त्यामुळे नुसत्या नजरेला हा फरक कळणं अवघडच. बातम्यांतले फोटो इमारतींमागून लांब लेन्सने काढलेले असतात, ते सोडून द्या.

तिसरी गोष्ट सरासरी. ३,८४,४०० आणि ३,८५,००० यांच्यातला सहाशे किलोमीटरचा फरक मोजणाऱ्याची चूक नाही. ३,८४,४०० हा ढोबळ मानाने कक्षेच्या मोठ्या अक्षाचा अर्धा. ३,८५,००० ही काळावर काढलेली सरासरी: दर तासाला अंतर लिहून ठेवलं आणि सगळ्यांची बेरीज करून भागलं तर हा आकडा येतो. चंद्र लांब असताना हळू चालतो, म्हणून लांबच्या अंतरांच्या नोंदी जास्त पडतात आणि सरासरी किंचित वर सरकते. प्रकल्पात ३,८४,४०० लिहा, पुढे "केंद्रापासून केंद्रापर्यंत, सरासरी" एवढे शब्द जोडा.

जाता जाता एक. अंतराला चंद्राच्या व्यासाने भागलं की १०८ येतं आणि म्हणून जपमाळेत १०८ मणी, असा मजकूर फिरत असतो. सरासरी भागाकार ११०.६ आहे आणि महिनाभरात तो साधारण १०३ ते ११७ यांच्यात कुठेही असतो. १०८ त्यात येतं, तसं १०५ ही येतं. प्रकल्पात ते घालू नका.

आता मोजण्याबद्दल. तुमच्या साहित्यात तीन पद्धती जमतील. चौथीला दुसऱ्या शहरात एक माणूस लागेल.

सर्वात सोपी पद्धत चंद्राच्या दिसणाऱ्या आकारावरून. चंद्राचा व्यास ३,४७४.८ किमी आहे हे मान्य करायचं, तो आकाशात किती कोनाचा दिसतो ते मोजायचं, आणि भागाकार करायचा. कोन विकलांमध्ये घेतला (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला) तर सूत्र एका ओळीत बसतं: ७१ कोटी ६७ लाखांना विकलांनी भागा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. चंद्र साधारण २९.४ ते ३३.५ कलांचा दिसतो, म्हणजे १,७६० ते २,०१० विकला.

अडचण आहे ती फोटोतले पिक्सेल विकलांमध्ये बदलण्याची. पुष्कळ जण लेन्सवर ३०० लिहिलंय म्हणून ३०० धरतात आणि तिथेच फसतात. तुमच्यासारख्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा, त्यामुळे ३०० मिमीला एका पिक्सेलमागे २.७० विकला यायला हव्यात. पण झूम लेन्सवर छापलेली फोकल लांबी गोळाबेरीज असते, दोन-पाच टक्के इकडेतिकडे सहज. समजा, तुमची लेन्स प्रत्यक्षात २९२ मिमीची आहे. फोटोत चंद्राचा व्यास ६७३ पिक्सेल भरला. छापील ३०० धरून १,८१४ विकला होतात आणि अंतर ३,९५,००० किमी येतं. खरं माप धरलं तर १,८६२ विकला आणि अंतर ३,८४,९००. नुसत्या छापील आकड्यावर विश्वास ठेवल्याने दहा हजार किलोमीटर गेले.

म्हणून आधी लेन्स ताऱ्यांवर तपासून घ्यायची. हिवाळ्यात सर्वात सोयीचे मृगातल्या बाणाचे तीन तारे. टोकाच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर २ अंश ४४ कला, म्हणजे ९,८५० विकला. ३०० मिमीला ते तुमच्या चौकटीत आरामात बसतात. मृग ४५ अंशांपेक्षा वर असताना फोटो घ्या, खाली असताना हवेच्या वक्रीभवनाने अंतर आक्रसतं. आयएसओ १६००, लेन्स पूर्ण उघडी, एक सेकंद किंवा त्याहून कमी. जास्त ठेवलं तर तारे रेघोट्या होतात. दोन टोकांच्या ताऱ्यांमध्ये, वर दिलेल्या उदाहरणातल्या लेन्सने, ३,५६० पिक्सेल भरतील. ९,८५० भागिले ३,५६० म्हणजे पिक्सेलला २.७६७ विकला. हा आकडा वहीत लिहा, पुढे तोच वापरायचा. तिन्ही तारे चौकटीच्या मधोमध ठेवा, कारण झूम लेन्सच्या कडांना चित्र थोडं ताणलं किंवा दाबलं जातं.

घरातली मोजपट्टी दहा मीटरवर ठेवून लेन्स तपासायचा मोह होतो. करू नका. जवळ फोकस केल्यावर बऱ्याच लेन्सची फोकल लांबीच बदलते. तारे आणि चंद्र दोन्ही अनंतावर आहेत, म्हणून तपासणी ताऱ्यांवरच. आणि झूम रिंग हलता कामा नये. ३०० च्या टोकाला नेऊन चिकटपट्टीचा तुकडा लावा, मग त्याच रात्री चंद्र आणि तारे दोन्ही घ्या.

चंद्राचा फोटो: ट्रायपॉड, दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर, लाइव्ह व्ह्यूवर दहापट मोठं करून हाताने फोकस. चंद्राच्या कडेपेक्षा विवरांवर फोकस धरणं सोपं. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ १००, एफ/८, १/२५० पासून सुरुवात करा आणि तिथून एक-एक पायरी अंधार करत चार-पाच फोटो घ्या. इथे सर्वात जास्त चुका होतात. फोटो जास्त उजळ झाला की चंद्राची कड पसरते, व्यास तीन-चार पिक्सेलने वाढतो आणि अंतर दोन हजार किलोमीटरने कमी येतं. हिस्टोग्रामचा (कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखाचा) उजवा काठ मोकळा राहायला हवा. फोटो पाहायला थोडा मंद वाटला तरी मापाला तोच चांगला.

पौर्णिमाच हवी असं नाही. अष्टमीच्या चंद्राचाही पूर्ण व्यास मिळतो, फक्त तो एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत मोजायचा, उजळ भागाच्या रुंदीत नाही. यापेक्षा चांगली रीत म्हणजे उजळ कडेवर लांब लांबचे तीन बिंदू घेऊन त्यांतून जाणारं वर्तुळ काढणं. गिम्पसारख्या कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये बिंदूंचे पिक्सेल-निर्देशांक दिसतात. तीन बिंदूंवरून वर्तुळ काढण्याची भूमिती मुलगी शाळेत शिकतेच.

आलेलं अंतर तुमच्यापासूनचं आहे. पुस्तकाशी ताडायचं तर त्यात ६,३७१ गुणिले चंद्राच्या उंचीचा साइन मिळवा. चंद्र ६० अंश वर असेल तर सुमारे ५,५०० किमी. वरच्या उदाहरणात केंद्रापासूनचं अंतर मग ३,९०,४०० होतं. ६७३ पिक्सेलमध्ये एक पिक्सेल म्हणजे साधारण ५७० किमी. कडा दोन पिक्सेलपर्यंत चुकतील असं धरलं तर उत्तर हजार-बाराशे किलोमीटरच्या आत बसायला हवं. त्यापेक्षा जास्त चुकलं तर आधी लेन्सची तपासणी पुन्हा करा, मग फोटोचा उजळपणा पाहा. सूत्रात चूक क्वचितच असते.

मोबाइलचं विचारलं नाहीत, पण मुलीच्या वर्गातले बाकीचे तोच वापरतील. साध्या कॅमेऱ्यात चंद्र २५-३० पिक्सेलचा येतो, एका पिक्सेलला साडेतीन-चार टक्के. त्यातून काही निघत नाही. पाचपट ऑप्टिकल झूम असलेल्या फोनमध्ये सव्वाशेच्या पुढे पिक्सेल मिळतात, ते चालवून घेता येतील. पण काही फोन चंद्र ओळखून चित्रावर स्वतःहून तपशील चढवतात. ती सोय बंद करून मगच फोटो घ्या.

या पद्धतीत एक खोट आहे आणि चाणाक्ष परीक्षक ती विचारणार: चंद्राचा व्यास कुठून आणला? व्यास माहीत असायला आधी अंतर माहीत असावं लागतं. म्हणून दुसरी पद्धत, जिच्यात व्यास लागतच नाही.

एकाच रात्री चंद्र उगवल्यावर आणि डोक्यावर आल्यावर असे दोन फोटो घ्या. तेवढ्या वेळात तुम्ही पृथ्वीबरोबर फिरून पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येइतके चंद्राच्या जवळ गेलेले असता, म्हणून डोक्यावरचा चंद्र दीड टक्क्याच्या वर मोठा भरतो. उगवताना थाळीएवढा दिसणारा चंद्र मापात लहान निघतो. डोळा फसवतो, कॅमेरा फसत नाही. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना हे दाखवलं तर मोठी माणसंही वाद घालतात. सूत्र सोपं: डोक्यावरचे पिक्सेल भागिले दोन्हींतला फरक, म्हणजे अंतर पृथ्वीच्या किती त्रिज्या ते. उगवताना ६६२ आणि डोक्यावर ६७३ भरले तर ६७३ भागिले ११, म्हणजे ६१ त्रिज्या. पुस्तकातल्या सरासरीप्रमाणे ६०.३.

इथे फरकच अकरा पिक्सेलचा, त्यामुळे एक पिक्सेल चुकला की उत्तर नऊ-दहा टक्क्यांनी हलतं. प्रत्येक वेळी दहा-दहा फोटो घेऊन सरासरी काढावी लागते. क्षितिजाला टेकलेला चंद्र वक्रीभवनाने वरून-खालून चेपलेला असतो, तेव्हा उभा व्यास मोजायचाच नाही. आडवा, क्षितिजाला समांतर, तेवढाच घ्यायचा. धूर आणि धुळीमुळे अगदी क्षितिजावरची कड धड दिसत नाही, म्हणून चंद्र दहा अंश वर आला की पहिला फोटो घेतलेला बरा. मग सूत्राच्या उत्तराला दोन्ही उंचींच्या साइनमधल्या फरकाने गुणा. १० आणि ८० अंशांसाठी तो ०.८१. अर्थात यात पिक्सेलमधला फरकही तितकाच कमी होतो, अकराच्या जागी नऊ.

दुसरी अडचण अशी की त्या पाच-सहा तासांत चंद्र स्वतःच हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत जवळ किंवा लांब गेलेला असू शकतो. सहा हजारांच्या फरकात ती मोठी भेसळ आहे. उपाय एकच, उपभू किंवा अपभूच्या दिवशी हे करायचं, तेव्हा अंतर सर्वात सावकाश बदलतं. आणि महिना निवडायचा तर मार्गशीर्ष किंवा पौष. त्या पौर्णिमांचा चंद्र महाराष्ट्रात मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, आभाळही स्वच्छ असतं.

तिसरी पद्धत चंद्रग्रहणाची, आणि मला विचाराल तर प्रकल्पासाठी हीच सर्वात देखणी. खंडग्रास अवस्थेतल्या फोटोत चंद्रावर पृथ्वीच्या सावलीची वळलेली कड दिसते. त्या कडेवर तीन बिंदू घेऊन वर्तुळ पूर्ण करा, चंद्राचंही वर्तुळ काढा आणि दोन्हींच्या त्रिज्यांचं गुणोत्तर घ्या. ते २.६ ते २.७ च्या आसपास येईल. आता पृथ्वीची सावली शंकूसारखी निमुळती होत जाते. किती निमुळती होते? सूर्य आणि चंद्र आपल्याला जवळपास एकाच आकाराचे दिसतात, त्यामुळे चंद्रापर्यंत पोहोचेस्तोवर सावलीचा व्यास जवळपास एका चंद्रव्यासाने कमी होतो. म्हणून गुणोत्तरात १ मिळवला की पृथ्वी चंद्राच्या किती पट ते मिळतं. २.६५ आलं तर ३.६५. प्रत्यक्षात ते ३.६७ आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ धरून चंद्राचा व्यास ३,४९० किमी निघतो, आणि पहिल्या पद्धतीतली खोट भरून निघते. सावलीची कड हवेमुळे पसरट असते आणि सावली दोनेक टक्के मोठीही होते, तेव्हा कड कुठे धरायची हे सगळ्या फोटोंत सारखं ठेवा. सावली चंद्राच्या मध्यावर आली असताना वळण सर्वात चांगलं मोजता येतं. सुरुवातीला चंद्राचा छोटासा चावा घेतल्यासारखं दिसतं, तिथे तीन बिंदू फार जवळ येतात आणि वर्तुळ कुठेही पळतं.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास ग्रहण भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसण्याजोगं होतं. खंडग्रास अवस्था रात्री ९.५७ ला सुरू झाली. भाद्रपदातल्या ढगांतून ज्यांना फोटो मिळाले असतील त्यांच्याकडून मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरून आलेली नको, ती छोटी केलेली असते. पुढचं सोयीचं खग्रास ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे, तोवर मुलगी अकरावीत जाईल.

जुन्या भारतीय गणिताचा उल्लेख करायचा असेल तर नीट करा. सूर्यसिद्धान्तात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं दिली आहे. हा कक्षेचा परीघ आहे, अंतर नाही, आणि तिथेच लोक घसरतात. वर्तुळात २१,६०० कला असतात, म्हणजे चंद्राच्या कक्षेवर एक कला १५ योजनांची. चंद्राचा व्यास ४८० योजनं, म्हणजे ३२ कला. योजन म्हणजे किती किलोमीटर यावर भांडत बसायची गरज नाही, कारण त्याच ग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं आहे. ३,२४,००० ला दोन पायने भागलं की ५१,५६६, आणि त्याला पृथ्वीच्या त्रिज्येने, ८०० ने, भागलं की ६४.५. आजच्या ६०.३ पेक्षा सात टक्के जास्त. तुमच्या दोन फोटोंच्या पद्धतीत एक पिक्सेल चुकला तर याहून मोठी चूक होते.

व्यावसायिक मोजणीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण "मग खरं अंतर कोण मोजतं?" हा प्रश्न येणारच. १० जानेवारी १९४६ ला अमेरिकी लष्कराने न्यू जर्सीतून पाठवलेल्या रडारलहरी चंद्रावर आपटून अडीच सेकंदांनी परत आल्या. १९६९ मध्ये अपोलो ११ ने, पुढे अपोलो १४ आणि १५ ने चंद्रावर खास आरसे ठेवले. सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवरही असे आरसे आहेत. त्यात साध्या आरशासारखं होत नाही. घनाच्या कोपऱ्यासारखे कापलेले काचेचे तुकडे प्रकाश कुठूनही आला तरी आल्या वाटेने परत पाठवतात. दुर्बिणीतून लेझरचे स्पंद सोडायचे आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा. चंद्रापर्यंत पोहोचेतो झोत दोन-तीन किलोमीटर पसरलेला असतो, परतीच्या वाटेवर त्याहून जास्त. अब्जावधी फोटॉन पाठवले तरी एका स्पंदामागे सरासरी एखादाच हाती लागतो, तोही हवा चांगली असेल तर. जाण्यायेण्याला २.५६ सेकंद. मिलिमीटरपर्यंत अंतर हवं तर वेळ साडेसहा पिकोसेकंदांपर्यंत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) धरावी लागते, आणि एवढ्यावरही भागत नाही. भरती-ओहोटी फक्त समुद्राला येते असं नाही, जमीनही चंद्राच्या ओढीने वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते. दुर्बीण ज्या जमिनीवर आहे तिचा खंड सरकत असतो. हवेतून जाताना प्रकाश थोडा रेंगाळतो. हे सगळं वजा केल्यावरच केंद्रापासून केंद्रापर्यंतचा आकडा निघतो.

चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा असा एक छोटा आरसा आहे, पाच सेंटिमीटर रुंद, आठ तुकड्यांचा. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि परतीचा प्रकाश पकडला. पृथ्वीवरून मोजायला तो फारच लहान आहे, त्याचा उपयोग यानांना. प्रकल्पात "विक्रमवरच्या आरशाने पृथ्वी-चंद्र अंतर मोजतात" असं लिहू नका.

याच लेझरमुळे कळलं की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातोय. भरतीमुळे पृथ्वीचं फिरणं किंचित मंदावतं आणि ती गती चंद्राच्या कक्षेत जाते. एक किलोमीटर लांब जायला सव्वीस हजार वर्षं लागतील. एका दिवसात अंतर चार-पाच हजार किलोमीटरने बदलू शकतं, तेव्हा "पुस्तकातला आकडा आता जुना झाला का?" या शंकेचं उत्तर नाही असंच आहे.

चौथी पद्धत दोन शहरांची. १७५१-५२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ लाकाई केप ऑफ गुड होपला आणि लालांद बर्लिनला बसून चंद्र पाहत होते, ते याचसाठी. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच रेखांशावर, त्यामुळे चंद्र दोघांना जवळपास एकाच वेळी माथ्यावरच्या रेषेत. तुमचं कुणी दिल्लीला असेल तर दोघांनी ठरलेल्या क्षणी फोटो घ्यायचा, चंद्राजवळ एखादा ठळक तारा हवा. मघा, चित्रा, ज्येष्ठा, रोहिणी हे चंद्राच्या वाटेवरचे तारे, दिनदर्शिकेत ज्या दिवशी यांपैकी कुणाचं चंद्रनक्षत्र आहे त्याच्या आसपास पाहा. मुंबई ते दिल्ली सरळ अंतर सुमारे १,१५० किमी. चंद्र दोघांनाही उंचावर असेल तर ताऱ्याच्या तुलनेत तो दोन फोटोंत सुमारे १० कला सरकलेला दिसेल, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या एक तृतीयांश. ६१७ विकला आल्या तर १,१५० गुणिले २,०६,२६५ (एका रेडियनमधल्या विकला) भागिले ६१७, उत्तर ३,८४,४००. नातेवाईक लंडनला असतील तर कोन बराच मोठा मिळतो, पण तिथे नकाशावरचं ७,२०० किमी धरायचं नाही. पृथ्वीच्या पोटातून जाणारी सरळ रेषा ६,८०० च्या आसपास आहे, आणि तिचाही फक्त चंद्राच्या दिशेला काटकोनात पडणारा भाग घ्यायचा.

यात घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं. चंद्र ताऱ्यांमधून सेकंदाला अर्ध्या विकलेच्या वर सरकतो. दोन फोटोंत दहा सेकंदांचा फरक पडला की साडेपाच विकला, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या मापात जवळपास एक टक्का, साडेतीन हजार किलोमीटर. कॅमेऱ्याचं घड्याळ कधीच बरोबर नसतं. मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडून त्याचाच एक फोटो आधी घ्या, म्हणजे कॅमेरा किती मागे-पुढे आहे ते फाइलमध्येच नोंदलं जातं. तारा आणि चंद्र एकाच फोटोत नीट येत नाहीत, चंद्र जळतो किंवा तारा दिसत नाही. म्हणून तृतीया-चतुर्थीची कोर निवडा, आणि चंद्र आटोक्यात आणि तारा दिसेल असे दोन फोटो पाठोपाठ घ्या, ट्रायपॉडला हात न लावता. दोन फोटोंमध्ये गेलेले सेकंदही वहीत लिहा, तेवढ्यात आकाश सरकलेलं असतं.

वहीत प्रत्येक फोटोपुढे तारीख, सेकंदांसह भारतीय प्रमाणवेळ, गाव, चंद्राची उंची, पिक्सेल आणि काढलेलं अंतर असे रकाने ठेवा. शेवटचा रकाना ॲपच्या आकड्यासाठी, पण तो सगळी मापं लिहून झाल्यावरच भरा. आधी पाहिला की चंद्राची धूसर कड नेमकी हव्या त्या पिक्सेलवर सापडते.